कोल्पापाताची अकरा वर्षं

माणसाने अकरा वर्षं एका जागी राबावं आणि बाराव्या वर्षी त्याच जागेसाठी त्यालाच अर्ज करायला सांगावं, ही अक्कल फक्त सरकारी कचेरीलाच सुचू शकते. डोंगराखालच्या चिल्कामायो शहरातल्या आरोग्य कचेरीने सोमवारी सकाळी भिंतीवर जाहिरात डकवली. कोल्पापाता गावच्या दवाखान्यासाठी परिचारिका साहाय्यक, पद एक, अर्जाची मुदत शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. कोल्पापाताच्या दवाखान्यात परिचारिका साहाय्यक एकच होती, देल्फिना वार्काया, आणि ती त्या वेळी तिथंच वर डोंगरात एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम धूत बसली होती. तिला हे कळलं मंगळवारी संध्याकाळी, बटाट्याच्या ट्रकवाल्याकडून.

"दोक्तोरिता, तुमची जागा भिंतीवर लागलीये," तो म्हणाला. वर डोंगरात सगळे तिला दोक्तोरिता, म्हणजे डॉक्टरीणबाईच म्हणायचे.

"माझी जागा? मी काय मेलेय?"

"मला काय ठाऊक. मी वाचलं तेवढं सांगितलं."

देल्फिना मेली नव्हती, पण कचेरीच्या लेखी ती जिवंतही नव्हती. अकरा वर्षं तिला दर महिन्याला एक कागद मिळत होता, त्या महिन्यापुरता सेवेचा आदेश. महिना संपला की कागद संपला, पुढच्या महिन्याला नवा. असल्या माणसांना तिथली कचेरी 'तिऱ्हाईत' म्हणते. तिऱ्हाईताला रजा नाही, विमा नाही, हजेरीच्या पुस्तकात नाव नाही. मात्र मध्यरात्री कुणाच्या पोटात कळा सुरू झाल्या की दार त्या तिऱ्हाईताचंच ठोठावायचं. आता कुठं ती जागा रीतसर होणार होती, वर्षाच्या कराराची, विमा आणि रजा धरून. आणि ती मिळवायला देल्फिनाच्या हातात होते अडीच दिवस.

बुधवारी ती पहाटेच्या ट्रकने खाली उतरली ती थेट तेओदोराच्या दुकानात.

तेओदोरा अतावकुसीचं दुकान कचेरीच्या बरोबर समोर होतं, कपाटाएवढं. एक संगणक, एक झेरॉक्सचं यंत्र, मागच्या भिंतीला फोटोसाठी पांढरी चादर आणि खिळ्याला एक पांढराशुभ्र कोट. चिल्कामायोतल्या निम्म्या नोकरदारांनी आपला अर्जाचा फोटो त्याच कोटात काढला होता. तेओदोरा साठीची, जिभेने तिखट, आणि देल्फिनाच्या मुलीची धर्माची आई, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. देल्फिनाने हाताने लिहून आणलेली दोन पानं तिच्यापुढे ठेवली. तेओदोराने चष्मा नाकावर ओढला.

"'मी जबाबदार, वक्तशीर, कष्टाळू असून कितीही ताण असला तरी काम करू शकते.'" तिने वर पाहिलं. "हे काय आहे?"

"बायोडेटा."

"अगं, 'मी उशिरा येते आणि औषधं विकून खाते' असं लिहिलेला बायोडेटा कधी बघितलायस तू? कागदावर सगळेच कष्टाळू असतात. खोड ते. पुढं काय, 'मुलांची नावं, मुलांची इयत्ता'. मुलांना लावायचंय का नोकरीला? खोड. 'उद्दिष्ट, उत्तरोत्तर प्रगती साधणे.' हे कुणी शिकवलं?"

"पुतणीने. तिला शाळेत शिकवलं."

"शाळेला सांग, ज्यांना नोकरी आहे ते मास्तर हे शिकवतात. तुझं उद्दिष्ट नोकरी मिळवणं आहे आणि ते समोरच्याला ठाऊक आहे. खोड."

"सगळंच खोडलंत की. मग उरलं काय?"

"तू काय केलंस ते लिहायचं राहिलंय, कोमाद्रे. दोन पानं भरलीस आणि एकदाही सांगितलं नाहीस की तू तिथं करतेस काय. आकड्यांत सांग."

देल्फिनाने कधी मोजलं नव्हतं. पण बाळंतपणांची वही तिच्या पिशवीत होती. दोघी काउंटरवर कोपरं टेकून बोटाने नावं मोजत बसल्या. मधे दोघंतिघं झेरॉक्सला आले, त्यांना तेओदोराने थांबवून ठेवलं. चार वाड्या, खेचरावर बर्फाची पेटी बांधून लशी, पायी वाट सहा तासांची. बोली क्वेचुआ, जन्मापासूनची. तिकडच्या बायकांना आडवं पडून बाळंत व्हायला आवडत नाही, दोरीला धरून उकिडव्या बसतात, ते तसं सांभाळून करण्याची सवय. आणि बाळंतपणं दोनशे चौदा.

"दोनशे चौदा!" तेओदोरा म्हणाली. "आणि तू लिहितेस वक्तशीर. आया सगळ्या सुखरूप ना?"

"एक गेली. फेर्मिना. नदीला पूर होता, खाली आणायला वाट नव्हती. माझ्या मांडीवर गेली."

"ते राहू दे मग. ते कशाला लिहायचं."

"तुम्हीच म्हणालात ना आकड्यांत सांग म्हणून? मग फेर्मिना पण लिहा."

तेओदोराने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं, बाळंतपणं दोनशे चौदा, एका आईचा मृत्यू. एका पानाचा बायोडेटा झाला. त्यात एकही विशेषण नव्हतं. देल्फिनाने तो वाचला आणि तिला वाटलं, या बाईला मी सुद्धा कामावर ठेवलं असतं.

पण नुसता बायोडेटा कोण विचारतो! ओळीओळीला पुरावा लागतो. अकरा वर्षं काम केल्याचा दाखला मागायला ती समोरच्या कचेरीच्या खिडकीवर गेली. खिडकीतला पोरगा तिच्या मुलीच्या वयाचा होता, पण डोंगरातली टोपीवाली बाई दिसली की असल्या पोरांची जीभ सैल सुटते, 'मामिता' म्हणजे 'माउली' म्हणत सरळ एकेरीवर येतात.

"अर्ज टाकून जा, मामिता. दहा कामाचे दिवस लागतात."

"मुदत शुक्रवारची आहे."

"तो तुझा प्रश्न झाला."

दाखला द्यायचा यांनी, मागायचा यांनीच, आणि दोहोंच्या मधले दिवस मोजायचे तेही यांनीच. देल्फिनाचा संताप झाला, पण तो गिळून ती परत आली. मग पिशवीतून महिन्या महिन्याचे सगळे सेवा-आदेश काढले, एकशे बत्तीस कागद, आणि त्यांच्या झेरॉक्स जोडल्या. त्यावर पानांचे आकडे घालायचे. तेही कसे, तर शेवटच्या पानाला एक आणि तिथून पुढे चढत चढत पहिल्या पानापर्यंत, अंकात आणि अक्षरात, प्रत्येक पानावर सही आणि अंगठा.

"पुस्तक पुढून सुरू होतं आणि कचेरी मागून," तेओदोरा म्हणाली. "हसू नकोस. निम्मे लोक इथंच मरतात. एका पोरीने मागच्या साली पुढून आकडे घातले, नर्सिंगची पहिली आलेली पोरगी, फाईल उघडली पण नाही कुणी."

गुरुवारचा अख्खा दिवस आकडे घालण्यात गेला. देल्फिनाचा अंगठा निळा झाला.

शुक्रवारी सकाळी तिची फाईल तयार होती आणि दुकानापुढे शेवटच्या दिवसाची ही झुंबड उडाली होती. तेवढ्यात कोल्पापाताचा गावप्रमुख एलेउतेरियो धापा टाकत आला. त्याने कुणी न सांगता गावाची सभा बोलावली होती. सभेचा ठराव त्याच्या हातात होता. दोक्तोरिता देल्फिनाने आमची पोरं जन्माला आणली, आम्हाला दुसरं कुणी नको. खाली एकसष्ट अंगठे, काही मातीचे डाग पडलेले. देल्फिनाने तो दोनदा वाचला. अकरा वर्षांत तिच्याबद्दल कुणी लिहिलेला तो पहिला कागद होता.

तेओदोरा गर्दीत बुडालेली होती. देल्फिनाने स्वतःच फाईलची पट्टी उघडली, ठराव सगळ्यात मागे लावला, पट्टी बंद केली आणि बाराला वीस मिनिटं असताना फाईल खिडकीत दिली.

मंगळवारी भिंतीवर यादी लागली. अर्ज सात. सहांच्या पुढे 'अपात्र'. देल्फिनाच्या नावापुढे कारण दिलं होतं, 'शेवटच्या पानावर क्रमांक नाही.' एकसष्ट अंगठ्यांचं ते पान! गावाने जिवापाड लिहून दिलेल्या कागदाने तिची फाईल बाद केली होती. बाकी एकशे बत्तीस कागदांना, दोनशे चौदा बाळांना कुणी हातही लावला नव्हता. यादीत पात्र असा एकच होता, येर्सन पालोमिनो बेन्देसू. गुण शंभरपैकी शंभर. मुलाखत बुधवारी सकाळी नऊला.

देल्फिनाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती रस्ता ओलांडून दुकानात शिरली.

"तक्रार लिहा, कोमाद्रे. आत्ताच्या आत्ता."

"क्रमांक नव्हता? कुठल्या पानावर? मी स्वतः घातलेत सगळे!"

"ठराव मी मागून लावला. मला सुचलं नाही. माझी चूक, पण एवढी? एका आकड्यावरून माणूस पुसून टाकायचा?"

तेओदोरा कपाळावर हात मारून संगणकापुढे बसली. तक्रारीत टाकायला देल्फिनाचा तपशील हवा, म्हणून तिने देल्फिनाच्या नावाची फाईल उघडली.

पडद्यावर एका तरुण पोराचा फोटो आला. अंगात तोच पांढरा कोट, आणि वर नाव येर्सन पालोमिनो बेन्देसू.

खाली सगळं तसंच होतं. कोल्पापाता दवाखाना, अकरा वर्षं. चार वाड्या, खेचरावर लशी, पायी सहा तास. बोली क्वेचुआ, जन्मापासूनची. उकिडव्या बाळंतपणाचा अनुभव. बाळंतपणं दोनशे चौदा, एका आईचा मृत्यू.

दुकानात कुणीतरी झेरॉक्सचे पैसे विचारत होतं. दोघींपैकी कुणालाही ते ऐकू आलं नाही.

"हे काय आहे, तेओदोरा?" देल्फिनाने पहिल्यांदाच तिला नुसत्या नावाने हाक मारली.

तेओदोराचा चेहरा पांढरा पडला होता. "शुक्रवारी... गर्दी होती गं. कचेरीचा ड्रायव्हर आला. या पोराचा फोटो, ओळखपत्राची झेरॉक्स. म्हणाला, नाव आणि फोटो तेवढा बदलून दे, बाकीचं आम्ही कचेरीत भरून घेतो. मी एकाच्या बायोडेटावर दुसऱ्याचा करते, तुला ठाऊक आहे. चौकट तीच राहते, वेळ वाचतो. वरचं नाव बदललं, फोटो बदलला आणि छापून दिलं. आणि घाईत साठवून पण टाकलं, तुझ्यावरच." ती खाली बसली. "त्यांनी काहीच भरलं नाही. वाचलं सुद्धा नाही. तसाच लावून टाकला."

"आणि दाखला? शंभर गुण दाखल्याशिवाय मिळत नाहीत."

दोघींना उत्तर एकदमच कळलं. बायोडेटात लिहिलं होतं अकरा वर्षं, म्हणून कचेरीने अकरा वर्षांचा दाखला काढून दिला. देल्फिनाला दहा कामाचे दिवस. या पोराला एक सकाळ.

देल्फिना पडद्याकडे बघत उभी होती. जागा गेली तर गेली, असं तिने यादी वाचताना मनाशी म्हणून बघितलं होतं. पण फेर्मिना? फेर्मिनाचा हात धरून ती पहाटेपर्यंत बसली होती, तिचे केस विंचरून दिले होते, तिच्या नवऱ्याला सांगायला चिखलातून गेली होती. आणि ती फेर्मिना आता या गोऱ्यागोमट्या पोराच्या नावावर जमा होती, गुण मिळवायला. याला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणणं हाही नागोबाचा अपमान आहे, तो बिचारा निदान बिळात शिरून राहतो तरी. या पोराने बीळ बघितलं सुद्धा नव्हतं.

"छापा," ती म्हणाली.

"काय?"

"हे त्याचं पान छापा. आणि ओळखपत्राची झेरॉक्स असेल तर ती पण. जन्मतारीख बघा."

तेओदोराने पाहिलं. पोरगा चोवीस वर्षांचा होता. तिने बोटांवर हिशेब केला आणि तिच्या तोंडून शिवी निघाली. "म्हणजे तेराव्या वर्षापासून बाळंतपणं करतोय हा मेला!"

तिघांची समिती बसली होती, तिघांनी गुण दिले होते, तिघांच्या सह्या होत्या. चोवीसातून अकरा वजा करायला त्यांच्यातल्या एकालाही जमलं नव्हतं. पण क्रमांक नसलेलं एक पान मात्र डोळ्यांत तेल घालून शोधलं होतं.

मुलाखत उघड्या दाराने घ्यायची असा नियम आहे. एरवी त्या नियमाचा उपयोग फक्त वारा यायला होतो. बुधवारी नऊ वाजता देल्फिना उघड्या दारातून आत गेली आणि मागच्या बाकावर बसली. टेबलामागे तिघं. मधे समितीचे प्रमुख आस्तेते, पदवीधर म्हणून लिसेन्सियादो म्हणवून घेणारे, केस चापून बसवलेले, पुढ्यात रबरी शिक्क्यांची रांग. त्यांच्या डाव्या हाताला एक इंजिनिअर, तो मोबाईल बघत होता. उजवीकडे लेखापाल सेन्योरा ग्रिमानेसा, पन्नाशीची, रुंद चेहऱ्याची, बैठकीचा वृत्तांत लिहायचं काम तिच्याकडे. समोर खुर्चीवर येर्सन, नव्या बुटांत.

"तर तुम्हाला ग्रामीण भागाचा प्रदीर्घ अनुभव आहे," आस्तेते कागदावरून वाचत म्हणाले. "फार छान. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

"त्याला विचारा, गेली अकरा वर्षं स्वतःला कुठं बघत होता," देल्फिना मागून म्हणाली.

आस्तेतेंनी मान वर केली. "तुम्ही कोण, सेन्योरा?"

"देल्फिना वार्काया. कोल्पापाताची."

"अच्छा. तुम्ही अपात्र आहात. अपात्र उमेदवार या प्रक्रियेत कुणीच नसतो. तक्रार असेल तर खिडकीवर द्या, पानांवर क्रमांक घालून."

"मी तक्रार करायला नाही आले. या पोराला एक प्रश्न विचारायला आलेय." ती उठून पुढे आली. "काय रे बाळा, फेर्मिना कोण?"

येर्सनने आस्तेतेंकडे पाहिलं. "कोण?"

"तुझ्या हातून गेलेली बाई. तुझ्या कागदावर लिहिलंय, एका आईचा मृत्यू. दोनशे चौदातली एक गेली. माणसाला बाकीची दोनशे तेरा विसरायला होतात, पण ती एक नाही विसरत."

पोराने हातातल्या कागदाकडे पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

"सेन्योरा, बाहेर व्हा," आस्तेते म्हणाले. "या उमेदवाराकडे आमच्या कचेरीचा दाखला आहे. तुमच्याकडे आहे का? तुमच्या नावाची आमच्या दप्तरात नोंदच नाही. तुम्ही तिऱ्हाईत. कागदावर तुम्ही तिथं कधी नव्हताच."

"आणि हा होता?"

"दाखला आहे म्हटल्यावर होता."

"तेराव्या वर्षापासून?" दारातून आवाज आला. तेओदोरा दुकान उघडं टाकून आली होती, छाती धपापत होती. "लिसेन्सियादो, हा बायोडेटा मी छापला. तो हिचा आहे. मी फक्त नाव आणि फोटो बदलला, तुमच्या ड्रायव्हरने सांगितलं म्हणून. चूक माझी, मी मान्य करते, चौकात उभं राहून सांगायचं तर तिथंही सांगते."

"म्हणजे खोटी कागदपत्रं तुम्ही तयार करता! तुमच्या दुकानाचा परवाना बघावा लागेल."

"बघा, खुशाल बघा. मी बायोडेटा छापला. पण दाखला मी नाही छापला, कचेरीच्या दाखल्यावर सही तुमची असते."

चोराच्या उलट्या बोंबा किती वेळ चालायच्या! इंजिनिअरने मोबाईल खाली ठेवला. दाराशी चारदोन माणसं जमली होती, खिडकीतला तो पोरगाही मान लांब करून बघत होता. आस्तेतेंनी रुमालाने ओठ टिपले आणि आवाज एकदम मऊ केला. असल्या माणसांना हे दोनच आवाज येतात.

"हे बघा सेन्योरा देल्फिना, भावनेच्या भरात काही होत नसतं. तुमच्या सेवाभावाची आम्हाला कदर आहे. दाखल्याचं आम्ही तपासू. पण प्रक्रियेप्रमाणे ही जागा भरली आहे, सोमवारी नवा माणूस हजर होईल. तेवढी दवाखान्याची किल्ली जमा करून जा आणि विषय संपवा."

देल्फिना हसली. अकरा वर्षांत त्या इमारतीत ती पहिल्यांदाच हसली असेल.

"किल्ली? मी तर तिथं कधी नव्हतेच म्हणालात ना आत्ता? माझ्याकडे किल्ली कशी असेल, लिसेन्सियादो? अकरा वर्षं या पोराने काम केलंय. याच्याच खिशात असणार. दे रे बाळा, दाखव त्यांना."

दारातली माणसं खो खो हसली. येर्सनने खरंच खिशावर हात नेला, बिचाऱ्याने सवयीने, आणि मग तो हात तसाच ठेवून म्हणाला, "माझ्याकडे नाही. मला ते गाव कुठं आहे तेही माहीत नाही. मामा म्हणाले ओळखपत्राची झेरॉक्स दे, तेवढीच मी दिली."

"कोण मामा?" सेन्योरा ग्रिमानेसाने विचारलं. सकाळपासून ती पहिल्यांदा बोलत होती.

पोरगा आस्तेतेंकडे वळला. सगळेच आस्तेतेंकडे बघू लागले.

"मुलाखत तहकूब," आस्तेते म्हणाले. "वृत्तांतात लिहा, तांत्रिक कारणाने."

ग्रिमानेसाने पेन उचललं, पण लिहिलं नाही. "तांत्रिक कारण नव्हतं, लिसेन्सियादो. ही बाई बोलली म्हणून मुलाखत थांबली. वृत्तांतात कोण बोललं ते लिहावं लागतं. माझी सही आहे त्याच्याखाली, आणि गुणांखाली पण आहे. मी न वाचता सही केली, ती एकदा केली. दुसऱ्यांदा नाही करणार." ती देल्फिनाकडे वळली. "पूर्ण नाव सांगा."

"देल्फिना वार्काया तिन्को."

"कोण म्हणून लिहू?"

"अपात्र उमेदवार लिहा," आस्तेते म्हणाले.

"किल्ली कुणाकडे आहे?" ग्रिमानेसाने शांतपणे विचारलं.

"माझ्याकडे," देल्फिना म्हणाली.

"कधीपासून?"

"मार्चमध्ये अकरा वर्षं झाली."

"तिथं दुसरं कुणी होतं?"

"नाही. मी आणि खेचर."

ग्रिमानेसा लिहू लागली. आस्तेतेंनी हात पुढे केला, "सेन्योरा, हे असं लिहिता येणार नाही," तर ती मान न उचलता म्हणाली, "मग तुम्ही अडवलंत असंही लिहिते." त्यांनी हात मागे घेतला. इंजिनिअरने घाईघाईने सांगून टाकलं की या सगळ्या प्रक्रियेला त्याचा विरोध नोंदवावा, भरती रद्द करून नवी जाहिरात काढावी. वारा फिरलेला त्याला फार लवकर कळला. त्याचंही ग्रिमानेसाने लिहिलं.

वृत्तांताची शिक्कामोर्तब केलेली प्रत मिळायला दहा मिनिटं लागली. देल्फिना ती घेऊन पायऱ्यांवर आली. तेओदोरा शेजारी उभी राहून रडत होती आणि शिव्याही देत होती, स्वतःला, ड्रायव्हरला, आस्तेतेंना, पाळीपाळीने.

"वाच की गं मोठ्याने. काय लिहिलंय?"

देल्फिनाने वाचलं. "'देल्फिना वार्काया तिन्को, कोल्पापाता दवाखान्याचं काम गेली अकरा वर्षं एकटीने सांभाळणारी परिचारिका साहाय्यक.'"

"झालं! आता नव्या जाहिरातीला हाच कागद लावायचा. याला कुणाचा बाप अपात्र करू शकत नाही. बघतेस काय अशी? तुला आनंद नाही का झाला?"

देल्फिना त्या दीड ओळीकडे बघत होती. आनंद व्हायला हवा होता. तिनेही तो व्हायची वाट पाहिली. पण आनंदाच्या जागी रागच आला.

"एवढंच होतं, कोमाद्रे?" ती म्हणाली. "एका बाईने पेन उचललं आणि दहा मिनिटांत झालं. मग अकरा वर्षं या सगळ्यांचे हात काय मोडले होते?"